आखाजीची कॅसेट

परीक्षा जवळ आली की माझ्या कानात एक दगड पडतो. हे मी कुणाला फारसं सांगत नाही, कारण सांगायला गेलं की मला नीट सांगता येत नाही. पण एप्रिल लागतो, जळगावच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागतं, पंखा खोलीतली तापलेली हवाच पुन्हा पुन्हा अंगावर फेकत राहतो, आणि मी पुस्तकात मान घालून बसलेली असताना तो आवाज येतो. थड. फार मोठा नाही. झाडावरून कवठ पडावं एवढाच. मग एक श्वास शांतता. मग गाणं पुढे सुरू होतं.

तो आवाज एका कॅसेटमध्ये आहे. पंधरा दिवसांपूर्वी जुन्या नोट्स शोधताना ती ट्रंकेच्या तळाशी सापडली. ओलं होऊन वाळलेल्या फडक्यात गुंडाळलेली. आमच्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या ट्रंकेत कॅसेट ठेवली की ती वाकते आणि मग गाणारा माणूस दारू प्यायल्यासारखा गातो. म्हणून आधी धुळ्याला कॉलेजात असताना वसतिगृहात आम्ही कॅसेटी माठाच्या बुडाशी, ओल्या फडक्यात ठेवायचो. पिण्याच्या पाण्यावरून एकमेकींवर रागवायचो आणि कॅसेटींना जपायचो. या कॅसेटच्या एका बाजूला गझला आहेत. दुसऱ्या बाजूला आमच्या गावची आखाजी आहे.

धुळ्यात देवपुरातल्या त्या वसतिगृहात आमच्या खोलीत तीन खाटा होत्या. एक सुनंदाची. ती जळगाव शहरातली, तिचा भाऊ पुण्याला शिकायला होता आणि टेपरेकॉर्डर तिचाच. दुसरी रत्नाची. ती एरंडोलची, तिचे वडील पोस्टात. तिसरी माझी. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलेलं नव्हतं. पहिले दोन महिने मी खाटेच्या कडेवरच बसायचे, जणू कुणी येऊन उठ म्हणणार आहे.

रविवारी दुपारी एकीची कॅसेट लागायची. नियम सुनंदाने केला होता. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकायची, पुढे पळवायची नाही, मध्ये बोलायचं नाही. संपल्यावर काय शिव्या द्यायच्या त्या द्या. सुनंदाच्या कॅसेटी इंग्रजी. त्यातली गिटार म्हणजे पत्र्यावर कुणी करवत चालवतंय असं मला वाटायचं आणि ढोल वाजायला लागले की आमच्या गल्लीत कुणाच्या तरी घरात कुणाला तरी मार बसतोय असंच वाटायचं. मी खाटेचा लोखंडी दांडा घट्ट धरून बसायचे. एकदा तिने विचारलं, "भीती वाटते का गं?"

"नाही. ओळखीचं वाटतं," मी म्हणाले. ती हसली. मी विनोद केला असं तिला वाटलं.

रत्नाच्या कॅसेटी भीमगीतांच्या. सुरुवातीला एकटा आवाज, मग पाठीमागून सगळ्यांच्या टाळ्या, आणि त्या टाळ्यांतून आवाज असा वर चढायचा की खिडकीच्या गजांना हात लावला तर ते थरथरताना कळायचे. ती कॅसेट लागली की रत्ना बसायची नाही. उभी राहून ऐकायची, भिंतीला पाठ लावून, हात खाली सोडून. आम्हाला तिने कधी उभं राहा म्हटलं नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी सुनंदाच आपण होऊन उठली, मग मीही. पण रत्नाचीच एक दुसरीही कॅसेट होती, गझलांची, दुकानातून भरून आणलेली. एक बाजू भरलेली आणि दुसरी कोरी, कारण तिला हवं ते दुकानदाराकडे नव्हतं. त्या गझलांत एक माणूस इतक्या हळू गायचा की माठातून पाणी घेण्याचासुद्धा धीर व्हायचा नाही.

मग एका रविवारी सुनंदा म्हणाली, "आता इंदूची पाळी."

माझ्याकडे कॅसेट नव्हती. घरी एक रेडिओ होता, त्यावर माझे वडील, आबा, बाजारभाव ऐकायचे आणि भाव संपले की बंद करायचे. मी म्हणाले, "आमच्याकडे गाणी नाहीत. आमच्याकडे शिव्या आहेत."

"शिव्या सगळ्यांकडेच आहेत," रत्ना म्हणाली.

"आमच्या चालीवर असतात."

मग मला सांगावंच लागलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खानदेशात ती दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या झाडून सगळ्या मुली माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात. पुरुष दिवसाढवळ्या ओट्यावर पत्ते कुटतात, त्या दिवशी त्यांना कुणी काही म्हणत नाही, आणि संध्याकाळपर्यंत कुठेतरी एखादं डोकं फुटतंच. आणि मग गौराई बोळवायला मुली नदीवर जातात. आमची पांझरा तेव्हा नुसती वाळू असते, मधून पाण्याची एक दोरी. ह्या काठावर आमच्या गावच्या मुली, त्या काठावर पल्याडच्या गावच्या. आधी गाण्यातून शिव्या. मग दगड.

"खरे दगड?" सुनंदाने विचारलं.

"खरे."

"आणि पोलीस?"

"पोलीसपाटलाची मुलगी आमच्याकडून पहिला दगड मारते."

सुनंदा खाटेवर उताणी पडून हसायला लागली. मग एकदम उठून तिने टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर ठेवला. "घेऊन जा. सेल नवीन टाक. मला ही कॅसेट पाहिजे." रत्नाने गझलांची कॅसेट काढून दिली. "कोरी बाजू तुझी," ती म्हणाली.

त्या वर्षीचा उन्हाळा मला आठवतो तो सगळा मारझोडीचाच आठवतो. पेपर संपवून गावी गेले तेव्हा वारा असा सुटलेला की माती तोंडावर थप्पड मारल्यासारखी बसायची. खळ्यात दोन बैलांची झुंज लागली आणि त्यातल्या एकाचं शिंग मुळापासून निघालं. कुत्री सावलीच्या एका पट्ट्यासाठी एकमेकांची नरडी धरायची. आणि अक्का आली होती. माझी मोठी बहीण. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि दोन वर्षांपूर्वी तिला पल्याडच्या गावी दिली होती. वैशाखाच्या तोंडावर, अंगावर कपडा नकोसा वाटतो अशा उन्हात, तिच्या पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

त्या बाह्या मायने पाहिल्या. मी पाहिल्या. गल्लीतल्या सगळ्या बायांनी पाहिल्या. आबांनीही पाहिल्या असतील. माय आबांना सांगायची तेव्हा ते एकच म्हणायचे, "थोडंफार चालस. संसार शे." आबांचा हातही मायवर उठायचा. मी हे कुणाची तक्रार म्हणून लिहीत नाही. आमच्या गल्लीत ज्याचा हात उठत नसे त्याला लोक नावं ठेवत. घरातल्या घरात मार कसा असतो, आधी भांडं पडतं की आधी आवाज बंद होतो, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं.

आखाजीचा तिसरा दिवस हा दाजींनी अक्काला परत न्यायला यायचा दिवस होता. तिने पिशवी आधीच भरून ठेवली होती.  पण झोक्यावर उभी राहून इतक्या जोराने झोका चढवायची की निंबाची फांदी कुरकुरायची आणि खाली उभ्या बाया ओरडायच्या, "मरशी ना व पोरी!"

"मंग सासरले कोन जाई?" ती वरून ओरडायची.

नदीवर पुरुषांना येता येत नाही. आणि दुसरा नियम असा की नदीवर जे बोललं ते नदीवरच राहतं. कुणी कुणाच्या नवऱ्याचा, सासूचा, खानदानाचा कितीही उद्धार केला, दगड लागून रक्त निघालं, तरी राग घरी न्यायचा नाही. गौराई पाण्यात जाते तशी ती सगळी शिवीगाळ पाण्यात जाते. म्हणून बाया तिथे इतक्या मोकळ्या होतात. वर्षभराचं सगळं एका दुपारी.

मी टेपरेकॉर्डर पदराखाली धरला होता. दोन बटणं एकदम दाबली आणि तो कुणाला दिसू नये म्हणून छातीशी दाबून धरला. त्यामुळे कॅसेटमध्ये सुरुवातीला माझ्याच छातीचे ठोके आहेत. सुनंदाला पुढे ते तिच्या गिटारवाल्यांच्या ढोलापेक्षा चांगले वाटले.

पल्याडच्या काठावर पुढे उभी होती लता. अक्काची नणंद. तीही सासरहून माहेरी आलेली. म्हणजे दोघी एकाच घराच्या. एक त्या घरात जन्मलेली, एक त्या घरात नांदायला गेलेली. आणि आखाजीपुरत्या दोघी दोन काठांवर. लतानेच सुरुवात केली.

"अल्याडन्या पोरी कोळसान्या गोण्या,
गाडीमा घाल्यात तं बैल बी पळना!"

आमच्या बाजूने हसू आणि आरडाओरडा. कुणीतरी वाळूतला गोटा भिरकावला, तो मध्येच पाण्यात पडला. मग अक्का पुढे झाली. तिने पदर खोचला, कानावर हात ठेवला.

"पल्याडना वाघ, वाघ व माय,
घरमा डरकाळी, बजारमा म्याव!"

आता दोन्ही काठ हसले. दोन्ही बाजूंनी दगड सुरू झाले. कॅसेटमध्ये ते पावसाच्या पहिल्या टपोऱ्या थेंबांसारखे ऐकू येतात, इकडे एक, तिकडे एक, मग दाट. कुणाच्या तरी घागरीला लागतो, कुणाच्या पायाला. "मेली व माय!" असं कुणी हसतच ओरडतं. आणि या सगळ्याच्या वर अक्काचा आवाज चढत जातो. चढता चढता ती त्या गाण्यात तिचं स्वतःचं घालायला लागते.

"वाघनी उचली चुल्हानी फुकणी,
फुकणी वाकनी व माय..."

थड.

तो दगड तिच्या भुवईच्या वर बसला. मी अगदी शेजारी होते. कातडी फाटली, आणि रक्त आधी येतच नाही, आधी ते पांढरं दिसतं, हे मी तेव्हा पाहिलं. मग ते आलं आणि डोळ्यावर उतरलं. अक्काने डोकं एकदा झटकलं. एक श्वास घेतला. आणि जिथे सोडली होती तिथूनच ओळ उचलली.

"...मी नही वाकनी!"

बाया हसल्या. दोन्ही काठांवरच्या. हसतच राहिल्या. लोखंडाची फुकणी वाकेपर्यंत कुणाला कुठे आणि कसं मारावं लागतं हे तिथे उभ्या असलेल्या एकूण एक बाईला माहीत होतं, आणि तरी त्या हसत होत्या. त्यात मायही आहे. तिचं हसू खोकल्यासारखं आहे, मला ते गर्दीतून वेगळं काढता येतं. त्या हसण्याबद्दल मी पुष्कळदा विचार केला आहे. मला ते क्रूर वाटलं होतं. आता तसं वाटत नाही, पण काय वाटतं तेही नक्की सांगता येत नाही.

घरी आल्यावर मायने जखमेत हळद दाबली. आखाजीची जखम, तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. मग तिने अक्काच्या बाह्या वर सरकवल्या आणि तीच वाटी, तीच हळद तिथेही लावली.

मग दाजी यायचा दिवस उजाडला. आपल्या घराबद्दल तिने काय गायलं हे दाजींना त्यांच्या बहिणींनी हसत हसत सांगितलं असणार. नियमाप्रमाणे त्यांना राग धरता येत नव्हता. पण नियम नदीवरचा होता आणि अक्काला जायचं होतं ते घरात. ती पिशवीजवळ बसून होती आणि पिशवीच्या बंदाचे दोरे एकेक करून उसवत होती.

दुपारी आबा जेवायला बसले. माय पुढ्यात वाढत होती. तिने माझ्याकडे न बघता म्हटलं, "इंदू, ती पेटी आन."

मी टेपरेकॉर्डर आणला.

"लाव."

"माय, पुरुषांनी ते..."

"लाव म्हनी ऱ्हायनी मी."

मी लावलं. छातीचे ठोके. कोळशाच्या गोण्या. आबांना आधी कळेचना काय चाललंय, मग गालात हसले. पुरुषांना त्या दिवशी नदीवर काय होतं याचं कुतूहल असतंच. भाकरीचा घास मोडून त्यांनी वरणात बुडवला. वाघ. म्याव. आबा मोठ्याने हसले. मग फुकणी. मग तो दगड, तो श्वास, ती ओळ, आणि त्यावर ते बायांचं हसू.

घास वरणातच राहिला. वरण मनगटापर्यंत ओघळलं.

"बंद कर," आबा म्हणाले.

मी हात पुढे केला. मायने माझा हात धरला. "नको बंद करू," ती म्हणाली. माझ्या आठवणीत आबांच्या शब्दावर तिने तोवर शब्द ठेवला नव्हता. "दोन वरीस मी सांगी ऱ्हायनी. मनं सांगनं ऐकतस नहीत. तिनं गानं ऐका."

कॅसेट चालत राहिली. आबा तसेच बसून राहिले, हात ताटात, मान खाली. मला वाटतं त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. फक्त अक्काच्या तोंडून त्यांच्या कानावर ते पडलेलं नव्हतं, आणि पडलं ते हसण्यासकट पडलं. आपल्या पोरीच्या माराला सगळं गाव खदखदून हसतं आहे, आणि ती स्वतः त्यांना हसवते आहे.

दाजी आले ते इस्त्रीचा सदरा घालून. खाटेवर बसले, पाणी प्याले, पाय पसरले. "गानं भारी व्हयनं म्हने," ते अक्काला म्हणाले. आवाज गोड होता. "नदीवरलं नदीवर. आम्ही मनमा धरत नही. घर चाल. घरमा गानं गाय. आमले बी ऐकू दे ना."

 अक्का उठली आणि तिने पिशवी उचलली. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

आबा दारात उभे होते. ते म्हणाले, "मी धाडाव नही."

"काय?"

"आंडेर शे, पोर शे मनी. मी धाडाव नही."

यापुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. दाजींनी अक्काचं मनगट धरून ओढलं. पिशवी फाटली. त्यांच्या पायाची लाथ टेपरेकॉर्डरला बसली आणि त्याचं झाकण उडून तुळशीपाशी पडलं. अक्का उंबऱ्याला अडकली, गुडघ्यांवर पडली, ते ओढतच राहिले. चुलीकडून माय आली. तिच्या हातात फुकणी होती. ती तिने दाजींच्या मनगटावर अशी हाणली की वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. दाजी वळले. त्याच क्षणी आबांचा हात उठला. तो हात उठलेला पाहून माय सवयीने आक्रसली, डोकं खाली घेतलं, डोळे मिटले. हात तिच्यावरून गेला आणि दाजींच्या गळ्यावर बसला.

दोघे सारवलेल्या अंगणात लोळले. रांजण फुटला, चिखल झाला, त्या चिखलात खापऱ्या आणि त्यावर दोन माणसं. आबा मारताना एक शब्द बोलत नव्हते. शेजारचे नाना आणि त्यांची मुलं आली तेव्हा कुठे त्यांना सोडवता आलं. दाजींचा इस्त्रीचा सदरा पाठीवर उभा फाटला होता. ते शिव्या देत नदीच्या वाटेला लागले. त्या शिव्यांना चाल नव्हती.

मला त्या मारामारीत आनंद झाला. हे लिहिताना पेन अडखळतं, पण झाला. मी दाराआड उभी राहून दात आवळून मनात मोजत होते, अजून एक, अजून एक. पुढे कितीतरी दिवस पल्याडहून आमच्या पत्र्यावर दगड पडत राहिले. आखाजी तेव्हा संपलेली होती.

आबा त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. त्यांचा हात मायवर पुन्हा उठला का? एकदा उठला. अर्ध्यावर थांबला. मायने फुकणीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, पण फुकणी चुलीजवळ होती एवढं खरं.

दोनेक दिवसांनी अक्का म्हणाली, माझा आवाज कसा येतो तो ऐकव. झाकण नव्हतं म्हणून कॅसेट बोटाने दाबून धरावी लागत होती. गडबडीत ती उलटी बसली आणि गझला लागल्या. तो हळू गाणारा माणूस. अक्का माठाला टेकून ऐकत राहिली, कपाळावर हळदीचा पोपडा, डोळे बारीक.

"हाऊ माणूस इतला हळू कोनले शिव्या दी ऱ्हायना?" तिने विचारलं.

मला हसू आलं. "शिव्या नाहीत गं. त्याची ती त्याला विचारत नाही, म्हणून तो रडतोय."

"मंग जोरमा सांग म्हना तिले. तिले ऐकू कसं जाई?"

पण ती बाजू तिने संपूर्ण ऐकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली. त्या उन्हाळ्यात रोज दुपारी, बाहेर झळा मारत असताना आणि पत्र्यावर मध्येच एखादा दगड पडत असताना, अक्का माठाशी आडवी होऊन गझला ऐकायची. त्यातले निम्मे शब्द तिला कळायचे नाहीत. मलाही नाही. दुसरी बाजू मात्र तिने एकदाच लावायला सांगितली आणि फुकणीच्या ओळीला आल्यावर हात वर केला. "पुरे." दगडापर्यंत तिने ती कधी जाऊ दिली नाही.

वसतिगृहात परत आले तेव्हा सुनंदा झाकण तुटलेल्या टेपरेकॉर्डरकडे बघून म्हणाली, "हा काय युद्धावर गेला होता?" मी हो म्हणाले. रविवारी कॅसेट लावली. नियमाप्रमाणे कुणी मध्ये बोललं नाही. कॅसेट संपली. मी मान वर केली तर रत्ना उभी होती, भिंतीला पाठ लावून, हात खाली सोडून.

सुनंदा म्हणाली, "परत लाव."

त्यानंतर त्या कॅसेटचा मान आमच्या खोलीत सगळ्यांत वरचा झाला. शेजारच्या खोल्यांतल्या मुली ऐकायला यायच्या. परीक्षेच्या सकाळी जिन्यावरून उतरताना कुणीतरी ओरडायचं, "फुकणी वाकनी व माय!" आणि सगळा जिना उत्तर द्यायचा. इंग्रजीच्या पेपरला मी हीच ओळ मनात म्हणत बसले होते. चुकून कुणी त्यावर दुसरं काही भरू नये म्हणून मी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही खुट्ट्या मोडून टाकल्या. खुट्टी मोडली की कॅसेट पुसता येत नाही. ज्याला पुसायचीच असेल तो त्या खाचेत कागदाचा बोळा बसवतो. पण तो मुद्दाम बसवावा लागतो.

अक्का आता देवपुरातच एका मुलींच्या वसतिगृहात भाकरी करते. थापून तव्यावर टाकताना तिचा हात असा पडतो की भाकरीला मारतेय असं वाटतं, आणि मुली म्हणतात तिच्या भाकरीइतकी कुणाची फुगत नाही. गेल्या रविवारी ती एसटीने जळगावला मला भेटायला आली. अभ्यास चाललाय का, खाल्लंस का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "लता भेटनी व्हती. धुळानं बस स्टँडवर."

मी घाबरले. इतक्या वर्षांत त्या काठावरून आमच्याकडे दगडांशिवाय काही आलं नव्हतं.

"काय म्हणाली?"

लताने म्हणे आधी अक्काच्या भुवईवरच्या वणाला बोट लावलं. "मना नेम चांगला शे ना?"

अक्का म्हणाली, "नेम चांगला शे. जीव कमी शे हातमा."

मग दोघी हसल्या असाव्यात. मग लता म्हणाली, आखाजीला ये. तू नाहीस तर आम्ही शिव्या कुणाला द्यायच्या? तीन आखाज्या मुक्या गेल्या. "ये. दगडं जमाडी ठेयेल शेत."

 मग अक्का हळूच म्हणाली, "तिन्या बाह्या बी लांब व्हत्या, इंदू."

ती जाणार आहे. येत्या आखाजीला, म्हणजे माझा शेवटचा पेपर झाल्यावर लगेच. नवं गाणं तिने बांधलं आहे, पण मला ऐकवायला तयार नाही. "ती पेटी आन. भरी ले."

मी आनंदाने म्हणाले, नवीन कॅसेट आणते.

"नवी नको. तीच आन. तेन्हावरच भर."

"अक्का, ते पुसलं जाईल."

"जाऊ दे."

मी तिला समजावत राहिले. वसतिगृहात किती जणींनी ते ऐकलं, किती जणी त्या ओळीवर पास झाल्या, रत्ना कशी उभी राहिली. तिने सगळं ऐकून घेतलं. तिला बरं वाटत होतं हेही मला दिसत होतं. मग ती म्हणाली, "तुम्ही बठ्ठ्या जनी ऐकतस, तुमले ते गानं शे. माले तो मार शे. जठे दगड लागना ना, तठेच नवं भर."

ती गेली. चार दिवस मी कॅसेटला हात लावला नाही. पुस्तक उघडायचे, मिटायचे. मला ती कॅसेट द्यायची नव्हती. माझ्याकडे माझी म्हणून एवढी एकच कॅसेट आहे.

आज दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, खालच्या चक्कीचा पट्टा थांबला, सगळी गल्ली उन्हाखाली मेल्यासारखी पडली. मी रत्नाला चिठ्ठी लिहायला बसले होते, तिची कॅसेट आहे म्हणून तिला विचारावं, पण चिठ्ठी तशीच ठेवली आणि सुनंदाने जाताना मला दिलेल्या त्या टेपरेकॉर्डरमध्ये सेल घालून कॅसेट शेवटचं म्हणून ऐकायला लावली. ही कॅसेट मी कितीतरी वेळा ऐकली आहे, पण कधी घरच्या गडबडीत, कधी मुलींच्या घोळक्यात पंख्याखाली. इतक्या शांततेत कधीच नाही. ठोके. गोण्या. वाघ. फुकणी. मी डोळे मिटले, दगड पडायची वाट बघत.

थड.

आणि त्या एका श्वासाच्या जागेत, जिथे मला नेहमी फक्त शांतता ऐकू यायची, तिथे आज लांबून, पाण्याच्या पलीकडून एक आवाज आला. बारीक, घाईचा, चालीबिलीशिवायचा.

"लागनं का व?"

मी मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा. लताचाच आवाज होता. ज्या काठावरून दगड आला त्याच काठावरून तो आला होता, आणि पुढच्याच क्षणी अक्काची ओळ आणि सगळ्यांचं हसू त्याच्यावर पडत होतं.

अक्काला हे सांगायचं आहे. ती कदाचित म्हणेल, माले माहीत व्हतं. ती तर तिथेच उभी होती, रक्त पुसत.

मग मी गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेचा कोपरा फाडला, त्याचा बोळा केला, आणि कॅसेटच्या पाठीवर आखाजीच्या बाजूच्या खाचेत नखाने दाबून घट्ट बसवला.